थॉर्नबॉटमसाहेबांचं टॉनिक आणि आमचा थकवा

किस्से कुठे साठतात यावर माझं एक ठाम मत आहे. जिथे सरळ धंदा चालतो, तिथे सांगण्यासारखं काही घडत नाही. जिथे रोज थापा मारायच्या असतात, तिथे मात्र आमच्या बाटलीतल्या गाळासारखे किस्से तळाशी बसत जातात. जरा हलवलं की सगळे वर!

मी भांडुपच्या एका गाळ्यात फोन उचलायची नोकरी करते. आमचा माल एकच, 'डॉ. थॉर्नबॉटम यांचे नर्व्ह टॉनिक'. मज्जातंतूंच्या थकव्यावर रामबाण! लेबलवर कल्लेवाला गोरा डॉक्टर, दोन सिंह, सोन्याची पदकं आणि खाली 'राणीच्या काळापासून'. आमचे मालक कर्णिक सर. त्यांच्या पणजोबांनी म्हणे मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून हा फॉर्म्युला घेतला. त्या काळी विलायतेत असली टॉनिकं धो धो खपायची. साखर, लिंबू, पाणी, थोडी दारू आणि भरपूर छापील थापा. पुढे कधीतरी आमच्या लोकांनी दारू काढून टाकली. म्हणजे त्यात काम करणारी जी एकच गोष्ट होती, नेमकी तीच गेली!

* * *

एकदा कांदिवलीहून एका काकांचा फोन आला. "मला डॉक्टर थॉर्नबॉटमची अपॉइंटमेंट हवीय."

मी गडबडले. डॉक्टर बाहेरगावी आहेत म्हणून ठोकून दिलं.

"कधी येणार?"

फोनवर हात ठेवून मी गोडाऊनच्या सावंतकाकांकडे बघितलं. सावंतकाका मालवणचे, रिटायर व्हायला आलेले. कोणाचीही भीडभाड नाही. ते म्हणाले, "सांग तेंका, डॉक्टर राणीवांगडा गेलो तो अजून येवक नाय!"

राणीवांगडा म्हणजे राणीबरोबर. मी फोनवर म्हटलं, "विलायतेला गेलेत, काका. नक्की सांगता येत नाही."

काका एकदम खूश. "हरकत नाही, मोठ्या माणसांचं असंच असतं. तोवर मी टॉनिक चालू ठेवतो." अजूनही दिवाळीला त्यांचा फोन येतो, डॉक्टर आले का म्हणून.

* * *

आता संगीता कांबळेची ओळख करून देते, कारण पुढे सगळं तिच्यापाशीच येणार आहे. संगीता बाटल्या भरायच्या लाईनवर असते. आधी त्या लाईनवर दोघी होत्या. सरांचा पुतण्या रोहन एमबीए करून आला आणि त्याने पहिलं काम केलं ते दुसरीला घरी पाठवण्याचं. तेव्हापासून संगीता एकटी दोघींचं काम करते. घरी दोन मुलं, सासूबाई, पहाटेचं पाणी. मधल्या सुट्टीत डबा उघडायची आणि घास हातात धरूनच डुलकी काढायची. मला बघवायचं नाही.

तिला फक्त आठवडाभर सुट्टी हवी होती. कराडजवळ तिची बहीण असते, तिच्याकडे जाऊन नुसतं झोपायचं होतं. बाकी काही मागणं नाही.

ती सरांकडे गेली. म्हणाली, "सर, लई थकलेय. आठवडाभर सोडा."

सर दुखावलेच! "थकवा? अगं, टॉनिकच्या कंपनीत थकवा? लोकांना मी काय तोंड दाखवू?" आणि कपाटातून एक बाटली काढून तिच्या हातात दिली.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा गेली. पुन्हा बाटली. त्याच्या पुढच्या महिन्यातही बाटली. सर स्वतः मात्र थकले की माथेरानला जातात. त्याला ते हवापालट म्हणतात.

मी संगीताला विचारलं, "एवढ्या बाटल्यांचं करतेस काय गं?"

"सासूबाईंना भारी आवडलंय," ती म्हणाली. "त्याने तांब्याचा हंडा घासला की झकास निघतो!"

* * *

रोहनने मग 'रीब्रँडिंग' काढलं. लेबलवर पूर्वीपासून लांबलचक यादी होती. मज्जातंतूंचा क्षय, हुरहूर, वक्त्यांचा घसा, विद्यार्थ्यांची मंदबुद्धी, बोटीचा प्रवास. रोहनने ती खोडली आणि नवी घातली. बर्नआउट, स्क्रीन फटीग, ट्रॅफिक स्ट्रेस. थॉर्नबॉटमसाहेबांचे कल्लेही जरा ट्रिम केले.

मग आम्हा सगळ्यांना उभं करून त्याने प्रेझेंटेशन दिलं. नवं युग, नवा ग्राहक, नवा थॉर्नबॉटम! तासभर चाललं. शेवटी विचारलं, "एनी क्वेश्चन्स?"

संगीताने हात वर केला. "रोहन सर, आत नवीन काय घातलंय? म्हणजे मला भरायला बरं."

रोहनने थोडा विचार केला. म्हणाला, "फॉन्ट."

* * *

मुलुंडच्या एका प्रदर्शनात आमचा स्टॉल होता. डोक्यावर बॅनर, 'दिवसभर ताजेतवाने!' खाली आमचा सेल्समन गुरव. तोही बिचारा सकाळी बोरिवली, दुपारी घाटकोपर, संध्याकाळी इथे असा फिरवलेला. मी चहा घेऊन परत आले तर गुरव त्या बॅनरखाली मान टाकून चक्क घोरत होता! समोर एक बाई उभ्या.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे रोज घेतात का?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"मग दोन बाटल्या द्या. आमच्या ह्यांना रात्रभर झोप नसते."

* * *

सगळी गिऱ्हाइकं भोळी असतात असं मात्र समजू नका. ट्रॉम्बेला अणूवर काम केलेले एक रिटायर्ड शास्त्रज्ञ आमचे जुने गिऱ्हाईक. मला वाटलं, हा माणूस तरी आम्हाला फैलावर घेईल. एकदा धीर करून विचारलं, "सर, तुम्हाला यातलं सगळं कळतं. तरी घेता?"

"मुली," ते म्हणाले, "बायको म्हणते काहीतरी औषध घ्या. यात काहीही नाही याची मी पूर्ण खात्री करून घेतलीय. म्हणूनच घेतो. तुमचा फॉर्म्युला बदलू नका हां!"

एवढ्या वर्षांत आमच्या मालाचं कोणी केलेलं हे सगळ्यात प्रामाणिक कौतुक.

* * *

आणि मग ती जाहिरात आली.

रोहनच्या डोक्यात 'रिअल पीपल' शिरलं होतं. डाव्या बाजूला टॉनिक घेण्याआधीचा दमलेला चेहरा, उजव्या बाजूला नंतरचा टवटवीत. अंधेरीहून फोटोग्राफर बोलावला. दोन मॉडेल आल्या, पण त्या इतक्या फ्रेश की दमल्याचा अभिनय केला तरी नुसत्या लाजल्यासारख्या दिसायच्या. फोटोग्राफर वैतागून पाणी प्यायला लाईनवर गेला. तिथे संगीता बाटल्या भरत होती. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"यार, ही! हिला कुठे लपवून ठेवलेलीत? मेकअप अजिबात नको!"

संगीताला भिंतीपाशी उभं केलं. तिने काही केलं नाही, नुसतं कॅमेऱ्याकडे बघितलं. तो फोटो स्क्रीनवर आला आणि सगळे जवळ सरकले. रोज तिच्या शेजारी डबा खाणारी मी, पण मलाही ते डोळे बघून भरून आलं. आणि रागही आला, सरांचा आणि आमचा सगळ्यांचाच.

"परफेक्ट!" रोहन म्हणाला. "आता 'नंतर'चा काढू."

तिला पावडर लावली, लिपस्टिक लावली, नवी साडी दिली. लाइट वाढवले. "हसा, मॅडम." संगीता हसली. फोटोग्राफरने पुन्हा काढला, पुन्हा काढला, शेवटी कॅमेरा खाली ठेवला.

"नाही होणार. तोंड हसतंय, डोळे नाही. हे मेकअपचं काम नाही साहेब, हिला झोप पाहिजे."

सरांनी कपाटाकडे हात नेला.

"ते नको," फोटोग्राफर म्हणाला. "झोप! आठवडाभर तरी."

सर घुटमळले. लाइट भाड्याचे, फोटोग्राफर अंधेरीचा, 'आधी'चा फोटो लाखात एक. ज्या माणसाने वर्षभर तिला एक दिवसही सोडलं नव्हतं, तो म्हणाला, "कांबळे, उद्यापासून आठवडाभर जा."

"पगारी ना, सर?" मी लगेच विचारलं.

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांचे मज्जातंतू तोडले. "शूटिंगच्या खर्चात धरा," ते म्हणाले. आणि सवयीने तिच्या हातात एक बाटली दिली. संगीता जाताना ती माझ्या टेबलावर ठेवून गेली.

आठवड्याने ती आली तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. बहिणीने तिला कामाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. मी मनात म्हटलं, पोरी, किती वर्षांनी तुझे गाल दिसले! फोटोग्राफरबरोबर आलेल्या मेकअपवालीने पावडरचा डबा न उघडताच मिटून टाकला. एका क्लिकमध्ये फोटो झाला.

घाटकोपरला मोठा बोर्ड लागला. इकडे दमलेली संगीता, तिकडे टवटवीत संगीता, मधे थॉर्नबॉटमसाहेब, आणि खाली 'फक्त आठ दिवसांत!' राणीच्या काळापासून कंपनीने छापलेलं हे पहिलं खरं वाक्य असावं.

सरांनी आम्हाला मुद्दाम तिथे नेलं. बराच वेळ मान वर करून बघत राहिले. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. म्हणाले, "बघितलंत? याला म्हणतात टॉनिक!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आणि रोहन आले तर ऑफिसच्या दारात रांग. लाईनवरची, पॅकिंगची, झाडून सगळी माणसं. कोणी केस विंचरलेले नाहीत, कोणी दाढी केलेली नाही. गुरव भिंतीला टेकलेला. मीही पावडर न लावता आले होते.

"हे काय चाललंय?" रोहन ओरडला.

रांगेत सगळ्यात पुढे सावंतकाका होते. त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं, डोळे अर्धे मिटले आणि म्हणाले, "साहेब, आमचो पण 'आधी'चो फोटो काढा."