बर्फाची वीस मिनिटं

खेळाडूचा पाय बघायचा झाला की काका आधी हाताची उलटी बाजू मांडीला लावत, आई तापलेल्या लेकराचं कपाळ बघते तशी. मग म्हणत, "अजून गार आहे. आधी घाम, मग काम." आणि आणखी दोन फेऱ्या पळायला लावत.

तुमच्याही ओळखीच्या एखाद्या मैदानावर असं माणूस असेल, ज्याला कुणी नेमलेलं नसतं, पण ज्याच्यावाचून सकाळ सुरू होत नाही. आमचे काका मूळचे वर्ध्याचे. भोपाळच्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर सायकलला तिळाच्या तेलाची बाटली अडकवून रोज इंद्रपुरीहून मैदानावर यायचे. खेळाडूंशी हिंदी, माझ्याशी मराठी. मी तिथली नवी फिजिओथेरपिस्ट. मला ते 'डॉक्टरबाई' म्हणत.

"मी डॉक्टर नाही हो, काका."

"पण दुखणं ऐकता ना? झालं तर मग."

राज्याच्या संघाची निवड होती, त्या सकाळी आमच्या लांब उडीच्या मुलीची मांडी दुखू लागली. काकांनी हलक्या हातानं तेल लावलं. मग मी तिला आडवं करून मांडीवर बर्फाची पिशवी बांधली. चांगली वीस मिनिटं. दुखणं थांबलं, मुलगी हसली. काकांनी मांडीला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"डॉक्टरबाई, बर्फ उडीनंतर. आता हिला जरा पळू द्या, पाय जागा होऊ द्या."

"काका, मी हे शिकून आलेय," मी सगळ्यांसमोर म्हणाले. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

तिन्ही उड्या आखूड पडल्या. "ताई, पायात जोरच येत नव्हता," एवढंच बोलून ती वाळूतच बसून राहिली.

प्रशिक्षक तणतणत आले. "पैर को हाथ किसने लगाया था?"

मी खाली वाकून बर्फाची पिशवी आवरू लागले. त्यांची नजर तेलाच्या बाटलीकडे गेली. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"मैंने लगाया था, साहब. उमर हो गई, हाथ भारी पड़ गया होगा."

"कल से मत आइए."

काका निघाले. माझ्यापाशी थांबून हळूच म्हणाले, "तुमची नोकरी नवी आहे. सांभाळा."

पुढे एका प्रशिक्षणात ऐकलं, की व्यायामाच्या तोंडावर स्नायू असा गार केला तर त्याची ताकद काही वेळ कमी पडते. दुखणं थांबतं, म्हणून पाय बरा झाल्यासारखा वाटतो. बाकीचे वहीत लिहून घेत होते. मी मान खाली घालून बसले.

उद्या जाऊन काकांना सांगू, असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. शेवटी गेले, तर दार सुनेनं उघडलं. काका हिवाळ्यातच गेले होते. "तुम्ही त्या डॉक्टरबाई का?" ती म्हणाली. "फार कौतुक करायचे तुमचं."

तिथून मी तडक प्रशिक्षकांकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. मग त्या मुलीकडे. ती आता आनंद नगरच्या एका शाळेत खेळ शिकवते. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. मला वाटलं, आता ती माझ्यावर चिडेल.

"ताई," ती म्हणाली, "मागच्या दिवाळीत काकांनी मला बाजारात हाक मारली होती."

"मग?"

"ऐकू आली होती मला. मी वळले नाही."