उलट्या तोंडाचं घर

"मिस्त्री, स्टेअरिंग फिरतंय, पन गाडी वळत नाय!" सदाशिव ड्रायव्हरच्या सीटवरून ओरडला.

मी गाडीच्या मागे चालत होतो, हातात लाकडी ठोकळा घेऊन. जुनी गाडी घाटात चढवायची म्हणजे एक माणूस असा मागे चालतो. गाडी मागे घसरायला लागली की ठोकळा चाकाखाली सारायचा, एवढंच त्याचं काम. मी धावत पुढे गेलो. खोपोली सोडल्यावर पहिला खडा चढ लागतो तिथे आम्ही होतो. पुढची दोन्ही चाकं रस्त्याला जेमतेम टेकली होती. हातभर अंतरावर कठडा होता, आणि त्याच्यापलीकडे दरी.

"ब्रेक दाबून धर, सोडू नको," असं म्हणून मी मागच्या एका चाकाखाली ठोकळा घातला आणि दुसऱ्याखाली रस्त्याकडेचा दगड लोटला.

गाडी थांबली. आतून सदाशिवची मुलगी उतरली, मग त्याची बायको गोदा. तिने कठड्याकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, मुलीचा हात धरला आणि नवऱ्याला म्हणाली, "आमी चाललो माहेरी, कोंडाण्याला. आता पुन्हा बोलवाया येऊ नका."

मला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. फक्त दमल्यासारखं झालं. पावसाळा संपल्यापासून मी या एकाच गाडीशी झटत होतो.

माझा धंदा मोटारींच्या बॉड्या बांधण्याचा. त्या काळी बस म्हणून जे यायचं ती नुसती चॅसी असायची, म्हणजे लोखंडी सांगाडा, चाकं आणि इंजिन. छप्पर, बाकं, दारं हे सगळं आमच्यासारखे सुतार लाकडात बांधायचे आणि वरून पत्रा ठोकायचे. आम्ही मूळचे किनाऱ्यावरचे. वाडवडील गलबतं बांधायचे. गलबतांना गिऱ्हाईक राहिलं नाही तेव्हा मी खोपोलीला आलो आणि शिळफाट्याजवळ शेड घातली. हत्यारं तीच, सागही तोच, फक्त खाली पाणी नव्हतं.

गलबत बांधणाऱ्याच्या घरात पोराला लवकर कळतं की वजन किती आहे यापेक्षा ते कुठे ठेवलंय ते बघायचं असतं. मोटारीचंही तसंच. सगळा भार पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे हवा. मागच्या चाकांच्याही मागे भार गेला की चढावर गाडीचं नाक उचलतं. नाक उचललं की स्टेअरिंग नुसतं हातात धरायला राहतं.

सदाशिव फोटोग्राफर होता. कर्जत, खालापूर, पनवेल इथले बाजार, जत्रा, लग्नं. उन्हाळ्यात खंडाळा-लोणावळ्याला हवा खायला येणारे मुंबईकर. मोठा कॅमेरा, काचेच्या प्लेटांच्या पेट्या आणि बाग रंगवलेला एक पडदा घेऊन तो वर्षभर हिंडायचा. लग्न झाल्यावर गोदाही बरोबर हिंडली. कधी धर्मशाळेत, कधी बाजाराच्या छपराखाली, कधी कुणाच्या गोठ्याशेजारी. मुलगी झाली तेव्हा ती कोंडाण्याला माहेरी गेली ती तिथेच राहिली. मुलीचं नाव ठकी. चार वर्षांची झाली तरी बाप आला की ती आईच्या मागे लपायची. हे मला सांगताना सदाशिव हसला.

गोदाने त्याला साफ सांगितलं होतं की माझं म्हणून घर असेल तर येते, नाहीतर तुम्ही तुमच्या जत्रा करा. धंदा सोडला तर खायचं काय? मग त्याने कर्जत-खोपोली रस्त्यावरची एक मोडीत निघालेली बस घेतली. ती बसही मुळात लष्कराची लॉरी, महायुद्ध संपल्यावर लिलावात निघालेली. इंजिनाला दमा होता, पण चॅसी धड होती.

"मिस्त्री, ह्याचं घर करा," तो म्हणाला.

"बाई बसमध्ये राहील का?"

"तुमी बांधा तर. ही शेवटचीच खेप हाय. नाय जमलं तर ती येत नाय आन् पोरगी बी येत नाय."

घर कसं हवं ते सांगायला गोदावहिनी स्वतः आल्या, ठकीला कडेवर घेऊन. मी शेडच्या जमिनीवर खडूने नकाशा काढून ठेवला होता. त्यांनी तो नीट पाहिला आणि पायाने पुसला.

"पडवी पुढं, ड्रायव्हरच्या पाठीमागं. मंग माजघर. सैंपाकघर पार मागं, आन् मोरी त्येच्या कडंला. घर असंच असतं, भाई."

"वहिनी, हे घर चालणार आहे. मागे जड सामान चालत नाही."

"जड काय हाय त्यात? चूल आन् चार भांडी."

"उंबरठा हवा असेल."

"उंबऱ्याबगर घर असतं व्हय?"

"आणि तोंड पूर्वेला?"

"मंग? पूर्वेलाच."

"हे घर रोज तोंड फिरवणार, वहिनी."

त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "जितं थांबंल तितं पूर्वेकडं तोंड करून उभं करायचं. ते ह्यांचं काम. तुमी उंबऱ्याचं बघा."

चूल आणि चार भांडी. मी तेवढंच धरून चाललो.

बांधकामाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कटकटच जास्त. बाकं काढली. माजघरात भिंतीला बिजागऱ्यांवर फळ्या लावल्या, रात्री पाडून त्यावर झोपायचं, दिवसा वर दुमडायच्या. स्वयंपाकघराला फळ्यांची भिंत केली. चुलीसाठी पत्रा आणि त्यावर विटांचा थर, छपरातून धुराडं. धुराडं बसवलं तर छप्पर गळायला लागलं. छप्पर भरलं तर दार घासायला लागलं. दार तासलं तर सदाशिवला आठवण झाली की प्लेटा धुवायला अंधारी खोलीही हवी. बसच्या छपरावर पालथं पडून पत्रे ठोकण्याचं माझं वय राहिलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन मी भिंतीला पाठ लावून बसायचो आणि बायको काही विचारायची नाही.

चूल गोदावहिनींनी स्वतःच्या हाताने घातली. माती कोंडाण्याची. चूल सुकली, सारवली, तिला हळदकुंकू वाहिलं, दूध उतू घालवलं. मग त्या दारात आल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "भाई, आता तुमाला आत येता येनार नाय. राग मानू नका."

मी मुसलमान. चूल पेटली की ते त्यांचं स्वयंपाकघर झालं, आणि तिथे माझा पाय चालत नाही. यात मला नवीन काही नव्हतं. या मुलखात मी कितीतरी घरांची दारं बसवली आणि काम संपल्यावर अंगणात बसून पाणी प्यायलो. त्याचा राग यायचा तो तरुणपणीच येऊन गेला होता. मी बरं म्हणालो. आतले राहिलेले स्क्रू सदाशिवने पिळले, कसेबसे.

पण त्यानंतर त्या खोलीत काय काय गेलं ते मला दिसलं नाही. माझा नियम असा, की शेडमधून निघणारी प्रत्येक गाडी सामानासकट घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत चढवून बघायची आणि मगच मालकाच्या ताब्यात द्यायची. म्हणून आम्ही त्या सकाळी घाटात होतो.

आता ठोकळा आणि दगड घालून झाल्यावर मी खाली वाकून मागच्या स्प्रिंगा पाहिल्या. वाकडे असायला हवेत ते त्यांचे पोलादी पाटे दबून पार सरळ झाले होते. चार भांड्यांनी असं होत नाही.

"सदाशिवराव, मागे काय भरलंय?"

"काय नाय. घरचंच."

"घरचं म्हणजे?"

"जातं."

मी पुन्हा स्प्रिंगांकडे पाहिलं.

"पाटा-वरवंटा. दगडी उखळ. पान्याचा रांजण."

"भरलेला?"

"रिकामा रांजण घेऊन नव्या घरात कसं जायाचं?"

"आणखी?"

"तांदूळ. सासऱ्यानं दिलं. नाय कसं म्हनायचं?"

चूक कुणाची म्हणायची? घर थाटायला निघालेली बाई आपलं जातं मागे कशी ठेवेल? आणि घरात जातं-उखळ मागच्या बाजूलाच असतं. फक्त घराला घाट चढायचा नसतो.

खाली चालत निघालेल्या बायकोला सदाशिवने अडवलं. "गोदे, जातं हितंच ठेवू. लोनावळ्याला पिठाची गिरन हाय."

"तुमच्या काचा ठेवा की हितं! माजंच काय म्हनून?"

"काचांवर पोट हाय आपलं!"

"आन् जात्यावर नाय?"

ठकी रडायला लागली. वरून येणाऱ्या एका लॉरीवाल्याने थांबून मदत हवी का विचारलं, भांडण ऐकलं आणि निघून गेला. मी गाडीच्या मागे ठोकळ्याशेजारी बसलो. आता कुणी मला काही विचारू नये असं मनापासून वाटत होतं. समोर गाडीचा मागचा पत्रा होता. त्याच्याकडे बघता बघता मनात आलं, गाडीचं तोंड इंजिनाकडे असतं हे खरं, पण घराचं तोंडही तिकडेच हवं असं कुणी सांगितलंय?

मी उठलो. "कुणी काही टाकू नका. वजन फार नाही, जागा चुकली आहे. वहिनी, दार मागच्या बाजूला काढलं तर? आत शिरल्यावर पडवी. मग माजघर. आणि सगळ्यात आत, ड्रायव्हरच्या पाठीशी, स्वयंपाकघर."

त्यांनी डोळे बारीक करून गाडीकडे पाहिलं आणि बोटावर मोजलं. "पडवी, माजघर, सैंपाकघर. मोरी?"

"तिथेच कोपऱ्यात. पाणी नळीने खाली."

"घर तसंच ऱ्हातंय मंग. नुस्तं उलट्या तोंडाचं."

"हो. पण मला आत यावं लागेल."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्यांना करू द्या."

"मला नाय जमनार, गोदे," सदाशिव हळूच म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. स्क्रू कुठल्या बाजूने पिळायचा हे तो अजून विचारून घ्यायचा.

मी बाहेरून सांगत गेलो आणि त्या दोघांनी दगड-धोंडे उतरवून रस्त्याकडेला ठेवले. हलकी झालेली गाडी आम्ही हळूहळू खाली आणली. सामान मागून बैलगाडीने आलं.

शेडशी पोचल्यावर गोदावहिनी बाहेर सावलीला बसल्या. मी आग्रह केला नाही. जातील तर जाऊ देत, माझी पाठ तरी सुटेल, असंही वाटलं. तेवढ्यात सदाशिवने कॅमेरा मांडला आणि त्याची मागची काच दाखवायला ठकीला बोलावलं. काचेत माणसं उलटी दिसतात, ते बघून मुलं खूश होतात. ठकी दोन पावलं गेली, थांबली आणि परत आईच्या पदराखाली शिरली. सदाशिवने कॅमेऱ्यावर काळं फडकं टाकलं आणि तो तसाच उभा राहिला. मला फार वाईट वाटलं. गोदावहिनीही तिकडेच बघत होत्या.

त्या उठून गाडीत गेल्या. आधी भांडी बाहेर आली, मग देवाची तसबीर, मग टोपलीभर माती. शेवटी त्या स्वतः आल्या, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले.

"चूल मोडली. आता ते सैंपाकघर नाय, नुस्ती गाडी हाय. या तुमी."

"नवी घालावी लागेल, वहिनी."

"कोंडाण्याला मातीला तोटा नाय."

मग पुन्हा सगळं उसकटलं. मागे दार काढलं, उंबरठा तिकडे नेला. चूल आणि जातं ड्रायव्हरच्या पाठीमागे, काचांच्या पेट्या माजघरात फळीखाली. ड्रायव्हरला हाक मारता यावी म्हणून मधल्या भिंतीला एक लहानशी खिडकी ठेवली. नवी चूल घातली, सुकली, दूध पुन्हा उतू गेलं. मी हत्यारं गोळा केली आणि सवयीने बाहेर जाऊन उभा राहिलो.

गोदावहिनी दारात आल्या. "भाई, आत या."

"चूल पेटलीय, वहिनी."

"ठावं हाय मला. मीच पेटवली. मागल्या खेपंला तुमाला भायेर ठेवला आन् पोरगी दरीत जायाची ऱ्हायली. या, काय कुटं ठेवलंय ते डोळ्यांनी बघा."

मी वहाणा काढल्या आणि उंबरठा ओलांडला. माझे डोळे भरून आले. धुराने आले असं म्हणता आलं असतं, पण धुराडं मीच बसवलेलं होतं आणि ते चांगलं ओढत होतं. मी तांदळाचं पोतं मधे सरकवलं, रांजण अर्धा उपसायला सांगितला आणि चूल जागेवर धरणारी लोखंडी पट्टी हलवून बघितली. त्यांनी मला चहा दिला. तो मी तिथेच, चुलीसमोर बसून प्यायलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा घाटात गेलो. मी ठोकळा घेऊन मागे. पहिला खडा चढ आला आणि पुढची चाकं रस्त्याला धरून राहिली. मागचं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं घर आरपार दिसत होतं. पडवी, माजघर, चूल, आणि पार पुढे ती लहानशी खिडकी. ठकी जात्यावर चढून उभी होती. खिडकीतून हात बाहेर काढून तिने बापाच्या सदऱ्याची कॉलर घट्ट धरली होती.

वळणावर सदाशिवने गाडी थांबवली नाही. थांबवायचं कारणही नव्हतं. मी ठोकळा खांद्यावर टाकला आणि चालत खोपोलीला परत आलो.

पुढे माझ्याकडे अशी आणखी कामं आली. एका तमाशाच्या फडाचं, एका दात काढणाऱ्या वैद्याचं, रस्त्याच्या ठेकेदारांची. प्रत्येकाला मी सुरुवातीलाच अट सांगायचो, की चूल पेटल्यावर एकदा मला आत बोलवायचं. काही गिऱ्हाइकं तेवढ्यावरून उठून गेली. जी राहिली, त्यांच्या गाड्या घाट चढल्या.