बळदातली चितरी

गुणाबाईचा दिवस करंगळीनं सुरू व्हायचा. पहाटे ती खुराड्याच्या फळीपाशी उकिडवी बसायची, आत हात घालून एकेक कोंबडी बाहेर घ्यायची आणि शेपटीखाली करंगळी लावून चाचपायची. आज अंडं देणार की नाही, ते तिला तिथंच कळायचं. देणार असेल ती डालग्याखाली झाकायची, नसेल ती मोकळी. नाहीतर या बाया कुणाच्याही कडब्यात अंडं घालणार आणि वर गावभर ओरडून सांगणार. मोकळ्या सुटलेल्या कोंबड्या अशा ऐटीत अंगणात उतरायच्या, की जणू तिसरी घंटा झालीय, पडदा वर गेलाय आणि समोर तुडुंब गर्दी बसलीय.

गर्दी म्हणजे एकटी शिवम्मा. शेजारच्या गुरुपादप्पांची बायको. घर लिंगायताचं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, अंड्याचा विटाळ नको म्हणून त्याचं नावसुद्धा घरात निघायचं नाही. पण मधल्या बुटक्या भिंतीवर कोपर टेकून शिवम्मानं हा खेळ लग्न होऊन आल्यापासून क्वचितच चुकवला असेल.

"गुणे, ती तांबडी लंगडून का चालून राहिली?"

"नाटकं करती, अक्का. परवा खरंच लंगडली, म्हणून चार दाणे जादा टाकले. आता रोज लंगडून राहिली."

गुणाबाई स्वतःही काही कमी चौकस नव्हती. कोंबड्याला दाणा सापडला की तो आधी बायकांना का बोलावतो? उजेडाच्या आधी त्याला पहाट कशी कळते? पिल्लांनी घार कधी पाहिलेली नसते, तरी सावली सरकली की ती आईखाली का घुसतात? हातातलं काम तसंच ठेवून ती बघत उभी राहायची. नवरा व्यंकट म्हणायचा, "अगं, कोंबड्या पाळून राहिलीस का त्यांचा जबाब घेऊन राहिलीस?"

ही सगळी जात तिच्या माहेरची. अहमदपूरकडच्या आपल्या गावाहून पहिल्या पंचमीला परतताना आईनं टोपलीत झाकून एक चितरी कोंबडी दिली होती. पांढऱ्यावर काळे शिंतोडे, जणू चुना लावताना कुणी शाई झटकली. आई गेली, माहेरचं दारही मिटलं, पण चितरीची लेक, लेकीची लेक अशी ती शाई गुणाबाईच्या अंगणात उतरत राहिली.

मग तो दुष्काळ आला. लातूर वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्या आल्या, नव्या पाट्या आल्या, पाऊस तेवढा यायचा राहिला. गुरुपादप्पांनी कलेक्टर कचेरीसमोर कागद-स्टॅम्पचं दुकान टाकलं आणि ते लेकाकडं लातुरातच राहू लागले. आठवड्याला एक फेरी गावाकडं. व्यंकट आणि गुणाबाई रोजगार हमीच्या तलावावर माती टाकायला जात. घरात ज्वारीच्या कण्याही उरेनात, तेव्हा गुणाबाई शेण-काडी भरलेलं गाडगं रानात पालथं घालून यायची. सकाळी त्यात वाळवी भरलेली असायची. गाडगं अंगणात झटकलं की कोंबड्यांची दिवाळी.

त्याच उन्हाळ्यात मानमोडीची साथ आली. माना वाकड्या करून कोंबड्या पडू लागल्या. लंगडीचं सोंग घेणारी तांबडी गेली, इतर गेल्या. शेवटी कोंबडाही गेला आणि पहाट मुकी झाली. उरली एकच चितरी आणि गाडग्यातल्या राखेत जपलेली तिची अंडी. चितरी खुडूक झाली, अंडी उबवायला बसायची झाली. पिसं फुलवून, डोळे बारीक करून खुराड्यातून उठेचना.

आता मेख अशी, की ऐन वैशाखात कुणी कोंबडी बसवत नाही. गेल्या वर्षी गुणाबाईनं तो हट्ट करून पाहिला होता. अंडी सडली नव्हती. आत पिल्लं पुरी झाली होती, चोचीनं कवचाला टोचाही मारला होता, आणि तिथंच मेली होती. तिनं अंडी फोडून पाहिली, तर आतली पातळ साल वाळल्या पापडासारखी पिल्लांच्या अंगाला चिकटलेली. उन्हानं झालं, एवढंच तिला उमगलं. पण या खेपेला कोंबडाच उरला नव्हता. हीच अंडी शेवटची. ही गेली, की आईची टोपली रिकामी.

भिंतीवरून शिवम्मानं विचारलं, "तोंड का उतरलं, गुणे?"

"गार जागा पायजे, अक्का. घराचं पत्र्याचं खुराडं करून राहिलाय सूर्य."

शिवम्मा जरा घुटमळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आमचं बळद हाय की."

बळद म्हणजे धान्य साठवायची कोठी. हातभर जाड पांढऱ्या मातीच्या भिंती, परसाकडून एक लहानसं दार, आत भर दुपारी गारवा आणि अंधार. दोन वर्षं त्यात ज्वारीचा दाणा पडला नव्हता.

"अप्पा काय म्हणतील?"

"अप्पा हायत जिल्ह्याला. ते यायच्या दिवशी तू दाराला पोतं लाव. अन् हे बघ, आमच्या घरात त्याचं नाव घ्यायचं न्हाई."

"कशाचं?"

"त्याचंच, माय!"

"मंग काय म्हणू?"

शिवम्मानं विचार केला. "पाव्हणे म्हण."

अशा रीतीनं पाव्हणे बळदात उतरले. टोपलीत भुस्सा, वर चिंधी, भुश्श्यात खोचलेला लोखंडी खिळा.

"खिळा कशाला?"

"वीज कडाडली की आतला जीव दचकतो म्हणं. खिळा असला की न्हाई दचकत."

"कडाडू दे की माय एकदाची!" शिवम्मा म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या.

तलावावरून येताना गुणाबाई मागच्या दारानं शिरायची, चितरीला उचलून खाली ठेवायची, वाळवी आणि खापरातलं पाणी द्यायची. कोंबडी पाय ताणून, विष्ठा टाकून परत बसेपर्यंत शिवम्माचे प्रश्न चालायचे. चोचीनं पाव्हणे का उलटेपालटे करती? तिला कोण सांगतं? आतल्याला श्वास कुठून मिळतो?

"मला कुठं ठावं, अक्का? मीबी तेच बघून राहिले."

तिसरा आठवडा लागला. एक दिवस मुकादम आला नाही म्हणून गुणाबाई सकाळीच परतली. बळदाचं दार उघडं. आत शिवम्मा, केस ओले, हातात पूजेचा तांब्या. तिनं चितरीला अलगद बाजूला सारलं, बोटं तांब्यात बुडवली आणि अंड्यांवर पाणी शिंपडलं.

"अक्का! काय केलंस हे?"

शिवम्मा दचकली, पण तांब्या सोडला नाही. "तीर्थ हाय, गुणे. लिंगपूजेचं. आमच्या घरात असलं आणलं, जिवाला टोचून राहिलं होतं. म्हटलं, रोज पूजेनंतर तीर्थ शिंपडावं, म्हणजे दोष लागायचा न्हाई. मलाबी अन् त्यांनाबी."

"रोज?"

"पहिल्या दिवसापासून."

अंड्याला ओल लागली की सडतं, हे गुणाबाईच्या आईनं सांगितलेलं, आईला तिच्या आईनं. म्हणून तर ती राखेत ठेवायची. "प्यायला घोटभर मिळेना, अन् तू माझ्या शेवटच्या अंड्यांना न्हाऊ घालून राहिलीस!" चिडण्याच्या भरात नाव निघून गेलं. शिवम्माचे डोळे भरून आले. कोंबडी मात्र शांतपणे पुन्हा टोपलीत चढली आणि ओल्या अंड्यांवर पसरली. शेवटच्या दिवसांत टोपली हलवता येत नाही, म्हणून गुणाबाईनं ती तिथंच ठेवली. भिंतीवरचं बोलणं बंद झालं. आत काय उरलं असेल, हा प्रश्न तिला जेवू देईना.

शनिवारी गुरुपादप्पा वेळेआधीच आले. गुणाबाई पोतं घेऊन धावली, पण परसात पोचली तेव्हा अप्पा बळदाच्या दाराला कान लावून उभे होते. मागं शिवम्मा पदर तोंडात धरून.

"आत कुणीतरी बोलून राहिलंय," अप्पा म्हणाले.

गुणाबाईनं डोक्यावरचा पदर ओढला. "अप्पा, चूक माझी हाय. अक्काला बोलू नका."

अप्पांनी तिच्याकडं न बघता दार ढकललं. चितरी गुरगुरली. तिच्या पंखाखालून एक ओलं, काळे शिंतोडे असलेलं डोकं बाहेर आलं, मग दुसरं. तिसऱ्याचं कवच त्याच क्षणी दुभंगलं. गुणाबाई पुढं झाली. फुटलेलं कवच उचलून तिनं आतली साल बोटांत धरली. मऊ. केळीच्या कोवळ्या पानासारखी ओली. ती कितीतरी वेळ साल चोळत बसली. मागल्या वर्षीचा वाळला पापड तिच्या डोळ्यांपुढं आला, आणि शिवम्माचा तांब्याही.

अप्पा उंबऱ्यावर बसले होते. जिल्ह्याच्या गोष्टी सांगितल्याशिवाय ज्यांचा चहा संपत नसे, ते आज पिल्लं मोजत राहिले. शेवटी म्हणाले, "दोन वर्षांनी बळदात काही पडलं." मग बायकोकडं वळून, "मला सांगितलं असतं तर जीव गेला असता का तुझा?"

"तुमचा गेला असता," शिवम्मा म्हणाली.

"हाव, तेबी खरंच."

जिच्या घरी कोंबडी बसते तिला अर्धी पिल्लं द्यायची, ही रीत. गुणाबाईनं तसं म्हटल्यावर शिवम्मानं कानांवर हात ठेवले. पण दुसऱ्या दिवशी ती भगवा दोरा घेऊन भिंतीपाशी आली. सगळ्यांत चितऱ्या पिल्लाच्या पायाला दोरा बांधून म्हणाली, "ही माझी. राहायची तुझ्याकडं. हिचे पाव्हणे तुझे. पण हिला कापायचं न्हाई, पाव्हणा कुणीबी येवो."

"कबूल. अन् अक्का, माझं एक काम."

"काय?"

"पुढच्या खेपेला निम्म्यांवर तुझं तीर्थ शिंपडू, निम्म्यांवर आडाचं साधं पाणी."

"का बरं?"

"बघू तरी," गुणाबाई म्हणाली. एका पिल्लाच्या डोक्यावर तुऱ्याची लाल रेघ जरा जास्त उठून दिसते का, कोंबडा निघणार का, ते ती आधीच वाकून बघत होती.