पोटावरचा डाग

सारंगखेड्याच्या यात्रेत लोहाराने लालबुंद विळा पाण्यात बुडवला. चर्र झालं, आणि माझा हात सदऱ्यावरून पोटाशी गेला.

साठच्या दशकात डॉक्टरकी शिकायला युरोपात होतो. एकदा आम्हाला व्हिएन्नातलं वैद्यकाचं जुनं संग्रहालय दाखवलं. काचेच्या कपाटात रोग्यांना डागायच्या सळया होत्या. "काय अडाणी लोक!" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. लहानपणी पोट फुगलं म्हणून मायने तापल्या विळ्याने दिलेला डाग माझ्या शर्टाखाली होता.

घरी परतल्यावर मायने विचारलं, "तठला डाक्टरले मन्हा डाग दखाडा का रे भाऊ?"

"दखाडा ना."

"काय म्हननात त्या?"

तिच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, "तुन्ही मायनीच तुले वाचाडं, म्हने."

तिने ते गल्लीभर सांगितलं. आठ दिवसांत शेजारची सून पोट फुगलेलं तान्हं बाळ घेऊन आमच्या ओट्यावर आली. मायने चुलीत विळा ठेवला. मी, विलायतेहून शिकून आलेला डॉक्टर, आतल्या खोलीत बसलो होतो. उठलो असतो तर खोटं उघडं पडलं असतं. उठलो नाही.

भिंतीपलीकडे चर्र झालं, मग बाळ ओरडलं.