घेतली की दिली

माझं जपानी उत्तम आहे असा माझा समज होता, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. टोकियोतल्या फुनाबोरीत येऊन अकरा वर्षं झाली होती. बेंतोच्या कारखान्यात डब्यांत भात भरता भरता मी बरोबरच्या बायकांशी गप्पा मारत असे, मुलीच्या शाळेतल्या सभांना एकटी जात असे, आणि ऑफिसात इंग्रजीवर दिवस काढणाऱ्या नवऱ्याची यथेच्छ टिंगल करत असे. त्यामुळे भाजीला जाताना पोलिसाने माझी सायकल थांबवली तेव्हा मी मुळीच घाबरले नाही. आता याला माझं जपानी ऐकवते, असाच थाट होता.

इथे प्रत्येक सायकलवर नोंदणीचा स्टिकर असतो. पोलीस अधूनमधून थांबवून तो नंबर वायरलेसवर कळवतात आणि मालकाचं नाव जुळलं की सोडून देतात. माझं नाव जुळणार नव्हतं. सायकल मूळची वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीची. तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि आठवड्याभरात सगळं आवरून ती नाशिकला परत गेली. जाताना म्हणाली, "सायकल तुला ठेवलीय गं. किल्ली तुझ्या पत्रपेटीत टाकते." कागदावरचं नाव बदलायला हवं, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. ती विमानतळावर गेली आणि संध्याकाळी मी खाली जाऊन सायकल घेतली.

पोलिसाने विचारलं, सायकल कोणाची? मी ऐटीत सांगितलं, "तोमोदाचि कारा तोरिमाशिता." मैत्रिणीकडून घेतली. मराठीत आपण सगळंच घेतो. आईकडून साडी घेतो, डॉक्टरकडून औषध घेतो, देवळात प्रसादही घेतो. मी मनातलं मराठी वाक्य उचललं आणि जसंच्या तसं जपानीत ठेवलं. पण जपानीत ते ऐकू येतं, मैत्रिणीची सायकल लांबवली. कुणी आपण होऊन दिलेल्या वस्तूसाठी वेगळं क्रियापद आहे, 'मोराउ'. ते मला येत नव्हतं असंही नाही, रोज वापरत होते. नेमकी त्या वेळी मराठी आडवी आली.

"घेतली?" त्याने पुन्हा विचारलं.

"हो, घेतली."

"मैत्रीण कुठे आहे?"

"भारतात गेली."

"मग कधी घेतली?"

"ती गेल्यावर," मी म्हणाले. त्याचा चेहरा बदलला तसं मी "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, हेही जोडलं, दोनदा. इथे वाट काढताना सुमिमासेन म्हणतात, कुणी लिफ्टचं दार धरलं तरी म्हणतात. पोलिसासमोर तो कबुलीजबाब वाटू शकतो, हे माझ्या गावीही नव्हतं. मैत्रिणीचा इथला फोन त्याने लावून पाहिला. तो अर्थातच बंद होता.

मग पोलीस ठाणं. जाताना नवऱ्याला दोन ओळींचा निरोप तेवढा पाठवता आला. तिथे एका लहानशा खोलीत एक वयस्क अधिकारी माझा जबाब लिहायला बसले. फार अदबीने बोलत होते आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. ते म्हणाले, अशी किरकोळ प्रकरणं कधी समज देऊन इथेच मिटतात, कधी सरकारी वकिलाकडे जातात. तिकडे गेलं तर 'बाक्किन' होऊ शकतो.

बाक्किन म्हणजे दंड. हा शब्द मला नीट माहीत होता, कारण त्याच वसंतात आम्ही कायमच्या रहिवासासाठी अर्ज केला होता. आमचे कागद तयार करणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की चुकीच्या पार्किंगची पावती वेगळी आणि बाक्किन वेगळा. बाक्किन ही गुन्हा शाबीत होऊन झालेली शिक्षा. भरून टाकला म्हणून संपत नाही, नावावर राहतो. अर्ज परत येईल आणि पुढची कित्येक वर्षं नवीन करण्यात अर्थ नसेल. तोवर आमचं इथलं राहणं नवऱ्याच्या नोकरीवर टांगलेलं होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला. आणि मुलगी तर भारताला 'आजीचा देश' म्हणते. हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे बुडणार होतं.

अधिकाऱ्यांनी जबाब वाचून दाखवला. खाली बोटाचा ठसा द्यायचा होता. शाईची डबी उघडलेली, माझं बोट पुढे झालेलं, आणि मला त्यातला एक शब्द खटकला, 'कात्ते नि'. मुलगी पाळणाघरात असताना तिच्या वहीत तो नेहमी लिहून यायचा. दुसऱ्याचं खेळणं न विचारता घेतलं, कात्ते नि. मी बोट मागे घेतलं आणि म्हणाले, "नाही. मी न विचारता घेतली नाही. मला दुभाषी हवा."

मराठी दुभाषी कुठला मिळणार? फोनवर हिंदी बोलणाऱ्या एक जपानी आजी आल्या. त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा कितीतरी शुद्ध. मी तिथेही गाडी त्याच रुळावर नेली, "सहेली से ली।" त्या म्हणाल्या, "बहन जी, आपने ली, या आपको दी गई?"

"दी गई! दी गई!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरून कुणीतरी डोकावून गेलं.

मग मी नाशिकला फोन लावला आणि तो टेबलावरच्या फोनला चिकटवून धरला. मैत्रिणीने आधी आजींना सगळं सांगितलं, मग अधिकाऱ्यांना जपानीत "मी दिली, मीच दिली" म्हणून पुन्हा पुन्हा बजावलं, आणि शेवटी मला मराठीत झापलं. अधिकाऱ्यांनी जुना जबाब बाजूला सारून नवीन लिहिला. प्रकरण इथेच संपलं, पुढे काही जाणार नाही, मैत्रिणीकडून पत्र मागवून नाव तेवढं बदलून घ्या, म्हणाले. मी इतकं वाकून नमस्कार केला की कंबरेत उसण भरली. आमचा अर्ज पुढे बऱ्याच महिन्यांनी मंजूर झाला, पण खरं हायसं वाटलं ते त्या दुपारी.

बाहेर बाकावर नवरा बसला होता, ऑफिसातून तडक आलेला. कधी नव्हे ते त्याने टोमणा मारला नाही. बरंच चालल्यावर म्हणाला, "मी बसल्या बसल्या पुण्यातल्या शाळा बघत होतो."

"अरे, मला कोण हाकलणार होतं? फार तर अर्ज परत आला असता."

"मला कुठे माहीत होतं ते? म्हटलं, तुला पाठवलं तर तिघंही जाऊ."

अकरा वर्षांची नोकरी त्याने त्या बाकावर मनातल्या मनात सोडून दिली होती. मी हातातली सायकल स्टँडवर लावली आणि भर रस्त्यात त्याला मिठी मारून रडले.