रंग चिकटवायची नोकरी

ज्या कामात निम्मा वेळ वाट बघण्यात जातो, तिथे किस्से साठतातच. आमच्याकडे तर ती वाटही काळोखात बघायची असते!

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी लॅब. अँटिबॉडी म्हणजे शरीरातल्या नेमक्या जागी जाऊन चिकटणारं प्रोटीन. तिला चमकणारा रंग जोडायचा, उंदराला टोचायची आणि जिवंत उंदरात गाठ कुठे आहे ते कॅमेऱ्यात बघायचं. रंग जोडणारा मी. त्यासाठी पुणं सोडून घरी आलो. लॅबच्या प्रमुख सामंत मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "गणपतीपर्यंत एक तरी अँटिबॉडी उंदरात नीट चमकली पाहिजे. नाहीतर हा विभाग बंद." म्हणजे मी परत पुण्याला.

*

हा रंग उजेडात विटतो, म्हणून आम्ही दिवे घालवून काम करतो. शेजारच्या कारखान्यातून कुणीतरी आमची लाईट गेल्याची तक्रार केली आणि वायरमन शिडी घेऊन हजर.

"लाईट आसा मा?"

"आसा."

"मगे काळोख कित्याक केल्यात?"

मी सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना मेन स्विच तपासून गेला.

*

एकदा पुण्याहून अँटिबॉडी रेल्वेने आली. बर्फ वितळत आलेला. मी बाजारातून मासेवालीचा थर्माकोलचा खोका आणि बर्फ उचलला, बोटाएवढी कुपी त्यात ठेवली आणि रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने झाकण उचलून बघितलं.

"बर्फ इतको, आणि मासळी खंय आसा?"

*

उंदराचे केस कॅमेऱ्याला आड येतात, म्हणून केस काढायची क्रीम लागते. मेडिकलवाला माझ्या आईच्या ओळखीचा. मी सहा ट्यूबा मागितल्या. त्याचा चेहरा बघून घाईघाईने म्हटलं, "उंदरांसाठी."

"उंदरांचा औषध वरच्या फळीर आसा," तो म्हणाला. "ह्यां लावून काय ते मरूचे नाय."

*

आता माझी चूक. रंग ज्या द्रावणात जोडतात तो बफर निवडताना बाटली चुकली. त्यातलं रसायन रंगाला स्वतःच चिकटलं आणि अँटिबॉडी कोरी राहिली. तीन दिवस वाया गेले. मॅडम एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तू पाणी छान रंगवलंस."

त्यानंतर प्रत्येक बाटली दोनदा वाचायची सवय लागली.

*

आषाढ संपत आला. माझी शेवटची बॅच. टोचली, थांबलो, कॅमेरा लावला. गाठीच्या जागी पुसट ठिपका आणि पोट मात्र लख्ख! अँटिबॉडी भलतीकडेच गेली, असंच दिसत होतं. मी मनात बॅग भरायला घेतली होती.

मग मॅडमनी तुलनेसाठी ठेवलेला उंदीर कॅमेऱ्याखाली ठेवला. त्याला काहीच टोचलेलं नव्हतं. त्याचंही पोट तसंच लख्ख.

म्हणजे दोष माझ्या रंगाचा नव्हता!

उंदरांना सांभाळणाऱ्या बाबलकाकांना बोलावून उंदरांना काय खायला घातलं ते विचारलं. त्यांनी लपवलं काहीच नाही. "घरात टाकळ्याची पयली भाजी झाली. तेंका सोडून कशी खावची? शिजवून हाडलंय. मिरची घालूक नाय हां."

हिरव्या पानातलं द्रव्य आमच्या कॅमेऱ्यात चमकतं. आठवडाभर उंदरांना साधं खाणं दिलं आणि फोटो पुन्हा काढला. पोट काळोखं आणि गाठीवर एकच स्वच्छ ठिपका. विभाग वाचला. मी बाहेर जाऊन आईला फोन केला.

परत आलो तर मॅडम बाबलकाकांना समोर बसवून विचारत होत्या, "काका, टोचलेल्या उंदरांचं कौतुक मी समजू शकते. पण ज्याला काहीच टोचलं नव्हतं, त्यालाही भाजी दिलीत?"

काका दुखावले.

"मगे? एकाच पंगतीत एकाक वाढून दुसऱ्याक उपाशी ठेवतत काय?"