गुडघाभर पाण्यातला सायप्रिनस

माझा नवरा मस्कतला एका साहेबाची गाडी चालवायचा. साहेबाला समुद्राच्या उथळ पाण्यात उभं राहून मासे धरायचा भारी नाद. नवरा कायमचा मंठ्याला परतला तेव्हा साहेबानं आपली एक जुनी गळाची काठी त्याला देऊन टाकली. तिला पीठ नको, गांडूळ नको. जाड पिवळी दोरी हवेत मागेपुढे झुलवायची आणि टोकाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद सोडायची.

नवऱ्यानं करून बघितलं. गळ स्वतःच्याच टोपीत अडकला, तशी काठी माळ्यावर गेली. ती मी खाली काढली. मी शिलाईकाम करते, दोऱ्याचा गुंता मला नवा नाही. गच्चीवर बिनगळाची दोरी झुलवता झुलवता लक्षात आलं, की नवरा घाई करत होता. दोरी मागे पुरती ताणली जाईस्तोवर थांबायचं, मगच पुढं फेकायचं.

"काय करून राह्यली गं?" सासूबाई जिन्यातून ओरडल्या. "वाळत घातलेली धोतरं फाडशील!"

कोंबड्याची पिसं आणि ब्लाउजचा तपकिरी दोरा घेऊन मी माशी बांधली. रविवारी सकाळी आम्ही दोघं धरणाच्या फुगवट्याला गेलो. काठावर पिठाच्या गोळ्या लावून बसलेले गडी हसायला लागले. एकानं विचारलंच, "वैनी, पतंग उडवून राह्यल्या का?"

मी पदर खोचला आणि पाण्यात उतरले. सायप्रिनस मासा चिखलात तोंड खुपसून खातो, तेव्हा उथळ पाण्यात त्याची शेपटी वर येते. तशी एक शेपटी नवऱ्याला दिसली.

"जल्दी टाक!"

"गप बसा. जल्दी न्हाई."

दोरी मागे गेली, ताणली, पुढे आली. माशी त्याच्या तोंडापुढं हातभर अंतरावर पडली. शेपटी हलायची थांबली. दोरी सरळ झाली आणि मी खेचली.

मासा बुडालेल्या बाभळीकडं सुसाट सुटला. दोरीनं बोटं कापली. नवरा धावत आला, "दे इकडं!"

"हात लावू नका!" मी असं ओरडले की काठावरचे सगळे उभे राहिले. मी मासा वळवला. पुन्हा पळाला, पुन्हा वळवला. शेवटी तो आडवा झाला आणि नवऱ्यानं त्याला लेकरासारखा दोन्ही हातांनी कवटाळून बाहेर आणला. पितळेच्या घागरीसारखा चमकत होता. पतंगवाला गडी तर माझी माशी हातात घेऊन उलटीपालटी करून बघत बसला.

गावात शिरल्यावर नवऱ्यानं मुद्दाम बाजारातून गाडी घातली. मासा माझ्या मांडीवर. जो विचारील त्याला तो सांगायचा, "मी न्हाई, हिनं धरला!" एवढं ताठ बसून मी त्या रस्त्यानं कधी गेले नव्हते.

मासा सासूबाईंच्या परातीत मावेना. त्यांनी त्याचे खवले बोटानं चाचपले.

"पुढल्या ऐतवारी मला बी ने," त्या म्हणाल्या. "पाण्यात उतरणार न्हाई, काठावरून बघीन."